दुसरा अंक, मराठीत

"फ्रेंच ना? मला मराठीइतकंच येतं," चंद्रहास बोलून मोकळा झाला.

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या घरी होणारी सून, दीप्ती, पहिल्यांदाच जेवायला आली होती. तिची आई, इरावतीबाई, पुण्यात अठ्ठावीस वर्षं फ्रेंच शिकवतेय हे कळल्यावर त्याला राहवलं नाही. खरं तर अठ्ठ्याहत्तर साली त्यानं तीन महिने क्लास केला होता. त्यातलं 'खिडकी उघडी आहे' एवढं एकच वाक्य अजून पाठ होतं.

दीप्तीनं आईला फोनवर कौतुकानं सांगितलं. आठवड्यानं आईचा निरोप आला. पुढच्या महिन्यात येतेय, येताना एक फ्रेंच सिनेमा आणते. जुन्या विनोदी ऑपेरावरचा आहे, सबटायटल्स नाहीत. तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांना चंद्रहासरावांनीच तो मराठीत सांगावा.

"परीक्षा आहे ही," चंद्रहास म्हणाला.

"मग खरं सांगून टाका," बायको, मृदुला, म्हणाली.

"आणि लग्न?"

दीप्तीचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. त्या मुलानं मॅनेजर आहे म्हणून सांगितलं, निघाला असिस्टंट मॅनेजर. पेढे वाटून झाल्यावर इरावतीबाईंनी नकार कळवला होता. खोटं बोलणारं घर त्यांना चालत नसे.

"स्वीट ॲज, एकदम झकास, बाबा," मुलगा, सुयश, म्हणाला. "म्हणजे माझं लग्न तुमच्या एका खिडकीवर."

एअरपोर्टवर चंद्रहासनं धीर करून 'बाँजूर' म्हटलं. इरावतीबाईंनी हात जोडले.

"आपण मराठीतच बोलू या हं. कानाला बरं वाटतं."

सिनेमा आधी एकदा बघून घ्यावा म्हणून त्यानं डीव्हीडी मागितली. त्यांनी ती पर्समधून बाहेरच काढली नाही. "शनिवारीच बघू की. ताजं ताजं."

शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये साठ माणसं जमली. इरावतीबाई पहिल्या रांगेत. मांडीवर दोनशे पानी वही, हातात एक पेन, पर्सवर दुसरं.

पडद्यावर एक विगवाला म्हातारा, बाल्कनीत एक मुलगी आणि शिडी घेतलेला एक तरुण आला. तिघंही एकदम गायला लागले.

"म्हातारा म्हणतोय, गच्चीची किल्ली माझ्याकडेच राहील," चंद्रहासनं माइकवर सांगितलं. "मुलगी म्हणतेय, मग टाकी कोण बघणार? आणि हा तरुण म्हणतोय, मी प्लंबर आहे."

हॉल हसला. इरावतीबाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"जरा सावकाश सांगा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या अंकापर्यंत त्यानं भारतातल्या जुन्या सोसायटीतलं गच्ची-टाकीचं अख्खं भांडण वापरून संपवलं. आणि तेवढ्यात विगवाल्यानं सूर लावला. आठ मिनिटं झाली तरी तो थांबेना. पडद्याशेजारच्या भिंतीवर हॉलची इंग्रजी नोटीस होती. चंद्रहासनं तीच मराठीत वाचायला घेतली.

"भूकंप झाल्यास टेबलाखाली शिरा. डोकं झाका. नंतर शांतपणे कारपार्कमध्ये जमा."

त्याच क्षणी पडद्यावरचा तरुण टेबलाखाली शिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इरावतीबाईंनी वहीत एक ओळ अधोरेखित केली.

सिनेमा संपल्यावर त्या पेनाचं टोपण लावत उठल्या.

"एक वाक्य सोडलं नाहीत हो. लग्न डिसेंबरात पुण्यात उरकून टाकू."

"वहीत काय एवढं लिहीत होतात?" चंद्रहासनं विचारलं.

"सवय आहे मास्तरकीची," त्या म्हणाल्या आणि पर्सची चेन ओढली.

चंद्रहासला पुढचे तीन महिने झोप लागली नाही. बाईंना सगळं कळलंय, वही आता ऐन मांडवात बाहेर निघणार, असं तो मृदुलाला रोज सांगायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी इरावतीबाईंनी पुण्यातल्या एका फिल्म क्लबच्या खेळाला दोन्ही घरच्यांना बोलावलं. "थोडं माझंही काम आहे त्यात," एवढंच म्हणाल्या. सगळे उशिरा पोचले. अंधारात खुर्च्या शोधून बसेपर्यंत दुसरा अंक लागला होता. ओळखीचा विगवाला पुढे आला, त्यानं सूर लावला, आणि त्याच्या पायाशी पांढऱ्या मराठी अक्षरांत सबटायटलची ओळ उमटली: 'भूकंप झाल्यास टेबलाखाली शिरा. डोकं झाका. नंतर शांतपणे कारपार्कमध्ये जमा.' सभागृहात टेबलं नव्हती, त्यामुळे एकशे चाळीस प्रेक्षक थेट कारपार्कमध्ये जमले.