पहिला घास

मुंबईच्या गिरण्यांचा संप लांबला, तसा हैबती पोलादपूरच्या डोंगरातल्या आपल्या वाडीवर परतला. घरातली नाचणी संपली होती आणि ओळखीचे कारांदे वाडीनं केव्हाच उकरून नेले होते. त्याला सापडलेला वेल निराळाच होता. कारांद्याला नागवेलीसारखं एकेक पान असतं. याच्या देठाला तीन-तीन पानं, वर अंगभर काटे. कंद मात्र भला मोठा निघाला.

असला अनोळखी कंद आला की पहिला घास घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसानं खायचा आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, ही वाडीची रीत. म्हाताऱ्या जिभेला रानाची पारख असते, असं सगळे सांगत. हैबतीची आई तुळजाबाई गेल्या पावसाळ्यात अशाच एका घासानं गेली होती.

चंद्राबाईनं कंद उकडला, एक फोड पळसाच्या पानावर ठेवली आणि नवऱ्याकडं पाहिलं. आता घरात थोरला तोच होता.

"माज्याकडं काय बघतंस गो? संप मिटला तर मला कामावर जायाचं हाय."

"आनि माजं पोर अंगावर पितंय," चंद्राबाई म्हणाली.

मग तिनं ते पान उचललं आणि नवरा मेल्यावर माहेरी आलेल्या नणंदेपुढं, रखमापुढं ठेवलं.



रखमाला नुकतंच अठरावं लागलं होतं.