गच्चीवरच्या बातम्या

"आणि मग थोरल्या जावेनं धाकटीच्या दुधात गोळी टाकली!"

राजकन्या नावाची पोरगी कमरेवर हात ठेवून गच्चीवर ठुमकत होती. रविवारचं न्हाणं झालेलं, केस मोकळे सोडलेले, दहाबारा पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. मालिका संपली, मग गाणं सुरू झालं. 'काळजाच्या गल्लीत तुझी बुलेट फिरती', चालीसकट. गाणं संपलं, मग बातम्या आल्या. सोयाबीनचा भाव पडला, धरणाचे दोन दरवाजे उघडले, कुण्या मंत्र्यानं राजीनामा दिला. सोमवारपासून शनिवारपर्यंत जगात काय काय घडलं, ते पोरीला सगळं तोंडपाठ!

जिन्यात उभ्या महानंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुधात गोळी पडलेली त्यांनी स्वतः कालच तर पाहिली होती.

लातूरच्या ट्यूशनवाल्या भागातलं हे मुलींचं वसतिगृह. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी. मोबाईलला बंदी, पेपरसुद्धा आत येत नाही. टीव्ही एकच, तोही खाली बाईंच्या खोलीत. मग हिला हे कळतं कुठून? पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं. आणि ते बाईंनाच शोधावं लागणार होतं, कारण वसतिगृहाचे आणि ट्यूशनचेही मालक असलेल्या उमाशंकर सरांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, पोरींवर नजर ठेवणं जमत नसेल तर खोली रिकामी करा. नवरा गेल्यापासून बाईंना त्या खोलीशिवाय दुसरा आसरा नव्हता.

बाईंनी गाद्या उलट्या केल्या. पत्र्याच्या पेट्या उपसल्या. लाडूसुद्धा फोडून पाहिले. मोबाईल काही सापडला नाही. तसा संशय आणखी वाढला. पोरगी भलतीच पोचलेली निघाली म्हणायची! बाकीच्या पोरींना विचारावं तर त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत. हल्लीच्या पोरींना मोठ्यानं बोलायचंच जिवावर येतं, असं बाईंचं मत होतं. एक राजकन्याच तेवढी खणखणीत. समोर येऊन, तोंडाकडं तोंड करून बोलायची. एवढी धीट म्हणजे हीच चोर, बाईंनी मनाशी ठरवून टाकलं आणि तिच्या बापाला फोन लावायला सांगितला.

औशाजवळच्या खेड्यातून शेषेराव हातातलं काम टाकून दुपारपर्यंत आले. शेजारच्या इमारतीत सरांच्या ऑफिसात सगळे उभे राहिले.

"मोबाईल कुठाय?" बाईंनी विचारलं.

"न्हाई माझ्याकडं."

"मग मालिका काय सपनात येते का गं तुझ्या?"

राजकन्येनं सरांकडं पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"बोल की गं माय!" शेषेराव काकुळतीला आले. "सरांनी नाव काढून टाकलं तर सालभराची मेहनत वाया जाईल तुझी."

पोरगी ओढणीचं टोक पिळू लागली. शेवटी म्हणाली, "हाव. मोबाईल हुता. भ्यावानं नाल्यात फेकून दिला."

सर काहीतरी बोलले. काय ते बाईंना नीट कळलं नाही, पण त्यांनी दाराकडं हात केला तेव्हा सामान बांधायला सांगितलंय, एवढं उमगलं. बाईंनी नेहमीसारखी मान डोलावली. चला, खोली वाचली!

खोलीत येऊन त्यांनी टीव्ही लावला. रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे भाग पुन्हा दाखवत. थोरली जाऊ दुधाचा पेला घेऊन निघाली, तेवढ्यात शेषेराव थेट पडद्यासमोरच येऊन उभे राहिले. बाई दचकल्या.

"दार वाजवायची काही रीत हाय का न्हाई?"

"लई वेळ वाजवायलो, बाई." शेषेराव जवळ आले आणि मोठ्यानं बोलू लागले. "पोरीची पेटी उचलली तर पायरीवर बसून रडायली. मोबाईल-बिबाईल काय नव्हता म्हने. तुमचा ह्यो टीव्ही वरच्या मजल्यापस्तोर ऐकू जातो. रोज संध्याकाळी."

"मग तवाच सांगायचं ना तिनं! तोंड शिवलं होतं का?"

"सर बसले हुते की तिथं." शेषेरावांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "आमची म्हातारी बी अशीच हाय, त्याच्यामुळं पोरीला पहिल्याच दिवशी कळलं हुतं. म्हनली, सरांपुढं बोलले अस्ते तर बाईंची नोकरी गेली अस्ती. कुठं जातील त्या?"

शेषेरावांनी पलंगावरचा रिमोट उचलला आणि आवाज खाली आणला. पडद्यावरची माणसं नुसतीच ओठ हलवायला लागली.

"लोक एवढा ठेवतेत," ते म्हणाले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण जिला चोर ठरवलं, ती आपल्यापायी चोर व्हायला तयार झाली होती. त्या उठल्या. पदर खोचला आणि तरातरा ऑफिसात गेल्या.

"सर, पोरीला ठेवून घ्या. मोबाईल नव्हताच. टीव्ही मीच ऐकवला साऱ्यांना."

सरांनी मान वर केली. कपाळाला आठ्या घालून ते काहीतरी बोलले. बाईंना नेहमीसारखी मान डोलावून माघारी जाता आलं असतं.

"जरा मोठ्यानं बोला, सर," महानंदाबाई म्हणाल्या. "मला ऐकू येत न्हाई."