दोन सिलिंडर

अख्ख्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात जेट स्की घेणारा हृषीकेश पहिलाच, भले ती सेकंडहँड का असेना. आपल्याला पोहता येत नाही, हे मात्र त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. रविवारी सगळं सासर त्याची करामत बघायला चोरल डॅमवर येणार होतं आणि शनिवारी सकाळीच इंजिन बंद पडलं.

राऊ गावच्या पांडुरंग मेकॅनिकनं दोन्ही प्लग काढून स्टार्टर दाबला, तशी दोन भोकांतून दोन कारंजी उडाली.

"भिया, ही बुडाली कुठं?"

"काल ट्रायलला चोरलला नेली होती. मोठी लाट आली."

"चोरलला लाट? डॅमचं पाणी गढूळ निघतं, भिया. हे तर पिण्याचं आहे. कुणीतरी प्लग काढून वरनं ओतलंय. टेन्शन नको, तेल बदललं की उद्या टकाटक पळेल."

शेजारी हृषीकेशची बायको देवयानी उभी होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"मीच ओतलं," तो चपलांकडे बघत पुटपुटला. इंजिनाला त्रास नको म्हणून त्यानं आरओचं घेतलं होतं. "पण एकाच सिलिंडरमध्ये, देवाशप्पथ!"

"मग दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात मी," देवयानी पांडुरंगला म्हणाली. "हा एकाच भोकात ओतून निघून गेला. म्हटलं, मेली एकावर चालू झाली तर?"