आडवा हात

तेजलने वेल्डिंगचे हातमोजे चढवले, तसा शाल्मलीचा जळफळाट झाला. त्या मोज्यांत शाल्मलीच्या बाबांचे हात होते. ती लहान असताना, वारण्याआधी वर्षभर ते मोजे घालूनच त्यांनी काम केलं होतं आणि मोज्यांनी त्यांची प्रत्येक हालचाल टिपून ठेवली होती. आता जो कुणी ते घालायचा, त्याचे हात बाबांसारखे चालायचे. पण नववीच्या वर्गात कुणी कोणते मोजे घालून काम शिकायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा बाबा तेजलला मिळाले आणि शाल्मलीच्या वाट्याला नळकामाचे मोजे आले.

पहिल्याच दिवशी तेजलचा जोड दोरीसारखा सरळ आला. शाल्मलीने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"सर, यात बिघाड आहे," तेजल कुरकुरली. "ठिणगी पाडायच्या आधी डावा हात आपोआप बाजूला जातो."

तिने करून दाखवलं. हात कमरेच्या उंचीवर हवेतच आडवा थांबला, तळवा आतल्या बाजूला.

"तेवढी सवय पुसून टाकू," कुलथे सर म्हणाले.

शाल्मली तिच्याशेजारी जाऊन गुडघ्यांवर बसली. "आता परत कर."

हात आला आणि बरोबर तिच्या डोळ्यांवर बसला, लहानपणी ती वेल्डिंगच्या दुकानात बाबांना खेटून उभी राहायची तेव्हा ठिणगीआधी बसायचा तसाच.

"पुसू नका, सर," ती हाताखालूनच म्हणाली. "हा बिघाड माझा आहे."