गर्डर म्हटल्यावर

"गर्डर!" पुंडलिक मुकादमानं खालून आवाज दिला आणि लहानू खांबावरून आडव्या लोखंडावर उतरला. उन्हानं लोखंड असं तापलेलं की त्यानं पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

शब्द साहेबांचा, इंग्रजी. पण भिलाईच्या कारखान्याच्या या नव्या शेडवर पुंडलिकाच्या टोळीनं त्याचा अर्थ आपल्यापुरता पक्का करून टाकला होता. जमिनीवर पडलंय तोवर ते नुसतं लोखंड. क्रेननं उचललं तरी लोखंडच. दोन्ही टोकं खांबांवर बसली, बोल्ट आवळून झाले, की मुकादम मोठ्यानं म्हणणार गर्डर. मग क्रेनवाला दोर सैल सोडणार आणि वरचा माणूस मधोमध जाऊन तो काढणार. त्याआधी कोणी तो शब्द नुसता तोंडातून काढला तरी पुंडलिक त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. साहेबांनी कागदावर काय लिहायचं ते लिहावं. इथं माणसं त्या शब्दावर पाय ठेवत होती.

पलीकडच्या टोकाला बोल्ट आवळायला चंपत होता. तो खाली येऊन मडक्यातलं पाणी पिताना दिसला, म्हणजे त्याचं काम उरकलं, असं धरूनच पुंडलिकानं आवाज दिला होता. पाणी पिऊन चंपत त्याच्याकडंच आला.

"मले दुसरा पाना द्या भाऊ. याचं तोंड फाकलं. एकही बोल्ट आवळला नाही तिकडं."

पुंडलिकानं वर पाहिलं.

लहानू निघाला होता, हात जरा पसरून, रमतगमत. ओरडावं, तर माणूस दचकतो. सैल सोडलेला दोर पुन्हा ताणावा, तर हिसका बसतो. गर्डर म्हणायची रीत होती, पण म्हटलेलं मागं घ्यायची रीत कोणी लावलीच नव्हती, आणि आता लावायला वेळ कुठला! पुंडलिकानं क्रेनवाल्याला हातानंच थांबवलं. ते पाहून टोळीतला एकेक जण गप होत गेला.

लहानू मधोमध पोचला, तेव्हा लोखंड बारीक करकरलं. तो थांबला. खाली वाकून पाहू लागला.

"कावून चूप झाले सारे? भाऊ, गर्डरच म्हटलं ना तुमी?"

पुंडलिकानं आवाज रोजचाच काढला.

"हो रे बाप्पा. पण दोर राहू दे. हळूच वापस ये. तुह्या बायकोनं भाकर सोडली, जेवून घे आधी."

लहानू हसला. वळायला त्यानं एक पाय उचलला.

त्याची बायको शेवंता खांबाआड उभी होती, डोक्यावर गिट्टीचं घमेलं घेऊन. भाकरीचं फडकं तर अजून बाभळीलाच टांगलेलं होतं. पुंडलिकभाऊ खोटं बोलला, एवढं तिच्या ध्यानात आलं. घमेलं दोन्ही हातांनी तसंच धरून तिनं मान वर केली.