पहिल्या पावलांच्या पापड्या

गच्चीवर प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घालता घालता समिधाने मागे वळून पाहिलं, तर वर्षभराची शर्वी पाण्याच्या पिंपाचा आधार सोडून चालत निघाली होती. नुकत्याच घातलेल्या ओल्या पापड्यांवरून, थेट आईकडे!

मोबाइल खाली स्वयंपाकघरात होता. जहाजावरून अवधूत दर फोनला बायकोला बजावायचा, "पोरीने पहिलं पाऊल टाकलं की व्हिडिओ काढ हं!"

सासूबाई धावत आल्या तेव्हा शर्वी आईच्या कडेवर खिदळत होती.

"पार विचका केला गं हिने! काढून टाक त्या पापड्या."

"मुळीच नाही, आई. वाळू देत चांगल्या."

दोन दिवस कडक ऊन दाखवून समिधाने त्या पापड्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. एकादशीलासुद्धा त्या डब्याला कुणाला हात लावू दिला नाही.

दिवाळीत अवधूत घरी आला तेव्हा शर्वी घरभर पळत होती.

"एवढं सांगूनही व्हिडिओ काढला नाहीसच ना?" तो हिरमुसला.

समिधाने डबा उघडला आणि पापड्या फरशीवर एकापुढे एक मांडल्या. डावं पाऊल, उजवं पाऊल, अशी सहा इवली पावलं. अवधूत गुडघे टेकून एकेका पावलावरून बोट फिरवत पुढे सरकला आणि सातव्या पापडीपाशी थबकला. तिच्यावर पाऊल नव्हतं. मोठ्या माणसाची पाच बोटं उमटली होती.

"हे काय?"

"माझा हात. इथे तिचा तोल गेला," समिधा म्हणाली. "पडू दिली नाही."