शेवटचं पाणी

“काकू, भिंतीवर सगळ्या टेक्निशियनचे फोटो लागणार आहेत. खाली छापायला तुमची माहिती सांगा ना,” रिसेप्शनवरची मुलगी वही घेऊन आली.

“लिही. आधी सिव्हिलमध्ये नर्स होते. तिथं शीर शोधायला शिकले, इथं एकोणीस वर्षं तेच करतेय.” टेबलावरच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरच्या पायावरचे केस मी कातरत होते. त्याला कायमचं झोपवायचं होतं. डॉक्टर आत औषध भरत होते.

“सरकारी नोकरी का सोडलीत?”

“सोडली.”

कुत्र्याच्या मालकीणबाईंनी पर्समधून गंगाजलाची छोटी बाटली काढली. “तोंडात दोन थेंब घालू का हो? पोटच्या पोरासारखा वाढवलाय.”

“इंजेक्शनआधी पाणी चालत नाही,” मी म्हणाले. कुत्रा कोरड्या जिभेनं माझा हात चाटत होता.

बाईंनी झाकण लावलं. बाहेर जाताना माझा खांदा दाबून म्हणाल्या, “तुम्ही जवळ आहात, तेवढाच धीर.”

मुलीनं वहीत लिहिलं : मुक्या जिवांवर अपार माया.

इंजेक्शनआधी पाणी नाही, असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. तो माझा आहे. माझ्या केतनला गल्लीतलं पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. सात वर्षांचा होता. माझ्याच वॉर्डात तो तीन दिवस तहानेनं तडफडला, आणि मी पेला पुढे केला की घाबरून किंचाळायचा.

एकोणीस वर्षांत या टेबलावर एकही कुत्रं मी पाणी पिऊन मरू दिलेलं नाही.